मारिकुप्पमची गाडी

बंगलोरमध्ये नोकरी केलेल्या बहुतेक मराठी माणसांनी लव्हेल रोडवर एकदा तरी कॉफी प्यायलेली असते. पण हा लव्हेल कोण, असं विचारलं की सगळे गप्प. मीही त्यातलाच.

तर मायकेल लव्हेल हा न्यूझीलंडची लढाई आटोपून बंगलोर छावणीत राहिलेला निवृत्त आयरिश शिपाई. त्याच्या हाती एक जुना लेख लागला. १८०२ मध्ये लेफ्टनंट वॉरन कोलार भागात सर्व्हे करत होता, तेव्हा गावकऱ्यांनी बैलगाड्या भरून माती आणली आणि त्याच्यासमोर धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले. तेवढ्या भरवशावर हा गडी बैलगाडी जुंपून निघाला! १८७५ मध्ये परवाना मिळाला, पण खाणीने खिसा रिकामा केला. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी आली आणि मग खरी केजीएफ सुरू झाली. (हो, तीच सिनेमातली. रॉकीला मात्र विसरा.)

मला सगळ्यात भारी वाटते ती विजेची गोष्ट. १९०२ मध्ये कावेरीवर शिवनसमुद्रला वीज तयार झाली आणि सुमारे १५० किलोमीटर तारा ओढून ती थेट खाणीला दिली. बंगलोरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले १९०५ मध्ये! अर्थात ही वीज यंत्रांसाठी. तमिळ मुलखातून आलेले कामगार, त्यात दलित बरेच, एका खोलीच्या झोपड्यांत राहायचे.

सोन्याची शीर जशी खाली गेली तशी माणसंही गेली. चॅम्पियन रीफ खाण ३ किलोमीटरहून जास्त खोल. तिथला खडक ६० अंशांच्या वर तापलेला, आणि दाबाने मधेच स्फोट झाल्यासारखा फुटायचा. माणसं दबून मरायची. वर एवढा खडक असल्याने वैश्विक किरण फारसे पोचत नाहीत, म्हणून मुंबईच्या टीआयएफआरच्या मंडळींनी जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांबरोबर तिथे उपकरणं लावली. १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली ती इथेच.

पुढचं गणित सोपं आहे. सुरुवातीला एक टन दगडातून ४० ग्रॅमच्या वर सोनं निघायचं, शेवटी जेमतेम ३. खोली वाढत गेली तसा पाणी उपसायचा आणि हवा खेळवायचा खर्चही. शंभरेक वर्षांत ८०० टन सोनं देऊन २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद. सोनं गेलं जगभर, गावाला राहिले सायनाईड मिसळलेल्या मातीचे डोंगर. वारा सुटला की ती धूळ घराघरांत.

माझ्या जुन्या ऑफिसच्या गेटवरचा गार्ड तिथलाच. वडील चॅम्पियन रीफमध्ये उतरायचे. हा पहाटे मारिकुप्पमहून गाडी पकडायचा, रात्री परत. "तिकडेच का राहतोस?" असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "सर, इथलं भाडं किती आहे माहितीये ना?"

माहीत होतं. मीच तेव्हा तिघांत एक फ्लॅट शेअर करत होतो.