दुकान बुडापेस्टचंच

परवा रात्री ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) पुन्हा पाहिला. दुकानात दिवसभर भांडणारे दोघे निनावी पत्रांतून एकमेकांच्या प्रेमात पडतात. ‘यूव्ह गॉट मेल’ (१९९८) पाहिलेल्यांना गोष्ट ओळखीची वाटेल!

मूळ नाटक मिक्लोश लासलोचं, ‘पार्फ्युमरी’. १९३७ साली ते बुडापेस्टला रंगभूमीवर आलं आणि पुढच्याच वर्षी हा ज्यू लेखक अमेरिकेला निघून गेला. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिट्शही बर्लिनच्या ज्यू शिंप्याचा मुलगा. नाझींनी त्याचं नागरिकत्व १९३५ सालीच काढून घेतलेलं. तरी त्याने गोष्ट अमेरिकेत हलवली नाही. हॉलिवूडच्या स्टुडिओत बुडापेस्टचंच दुकान थाटलं.

चार वर्षांनी, १९४४ साली, त्या शहरात जर्मन फौजा शिरल्या. म्हणूनच असेल, शेवटचा नाताळचा प्रसंग पाहताना मला हसू येतं आणि घसाही दाटतो.