ढिलं स्टेअरिंग : एका दोषाच्या शोधाचा इतिहास



साखरखेर्ड्यात इतिहासावर बोलायचं म्हटलं की सगळ्यांना १७२४ साल आठवतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई याच शिवारात झाली. मुबारिझखान मारला गेला आणि दख्खनेत निजामाचं राज्य पक्कं झालं. त्या लढाईवर याआधी पुष्कळ बोललं गेलं आहे. आज मी एका लहान गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. गाडीच्या स्टेअरिंगमध्ये जो खेळ येतो, ज्याला आपण 'स्टेअरिंग ढिलं झालं' म्हणतो, त्याचा. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा विषय कुठून सुचला, ते पुढे कळेल.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून आला. त्याने एक जुनी पण जोरदार गाडी घेतली आहे. छोटी, टर्बो इंजिनाची, रुंद टायरांची, थोडी खाली बसवलेली. समृद्धीवरून आला आणि उतरल्या उतरल्या म्हणाला, "काका, शंभरच्या वर गेलं की गाडी हातात राहत नाही. तरंगते." शहरातल्या एका गॅरेजने तीनदा अलाइनमेंट केलं होतं आणि शेवटी स्टेअरिंगची अख्खी रॅक बदलली होती. पैसे गेले, दोष तिथेच.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या बंडीला स्टेअरिंग नाही. जू फिरलं की बंडी फिरली. बैल आणि चाक यांच्यात सांधे जवळजवळ नाहीत, म्हणून खेळही नाही. अडचण आली ती चारचाकी बग्गीत. तिचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरायचा, आणि वळण तीव्र असलं की बग्गी कलंडायची. म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने यावर तोड काढली. आस जागेवर ठेवायचा, दोन्ही चाकं आपापल्या खिळीवर फिरवायची, आणि आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जरा जास्त वळवायचं. १८१८ साली लंडनमध्ये त्याचं पेटंट घेतलं अॅकरमन या त्याच्या प्रतिनिधीने. म्हणून आजही त्या रचनेला अॅकरमनचंच नाव आहे. मूळ माणूस मागे राहिला. इतिहासात असं नेहमीच होतं.

पण या सोयीची किंमत बघा. एका खिळीच्या जागी दोन खिळी आल्या, त्यांना जोडणारे दांडे आले, दांड्यांना सांधे आले. जिथे सांधा तिथे झीज, आणि जिथे झीज तिथे खेळ. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीला तीनच चाकं होती, कारण पुढची दोन चाकं नीट वळवायचं कोडं त्याला तोवर सुटलं नव्हतं. चारचाकी गाडी त्याने १८९३ मध्ये आणली. १८९४ च्या पॅरिस–रुआँ शर्यतीत व्हाशेरॉन नावाच्या स्पर्धकाने आपल्या पानहार्ड गाडीला दांड्याऐवजी गोल चाक लावलं. म्हणजे स्टेअरिंगचं चाक आलं ते वेगाच्या गरजेतून.

आपल्याकडे हा इतिहास जीपमधून आला. महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली १९४० च्या दशकाच्या अखेरीस. तिच्यात स्टेअरिंग बॉक्स, मग एक लांब दांडा, मग मधोमध बेलक्रँक, आणि तिथून दोन्ही चाकांना दोन टाय रॉड. मोजा सांधे! बेलक्रँकची पिन झिजली की चाक वीतभर फिरवा, जीप सरळच. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात बनवलेल्या फियाटमध्येही बॉक्सच होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती रॅक-पिनियन घेऊन. एक दातेरी पट्टी, एक दातेरी चाक, दोन दांडे. सांधे कमी झाले आणि लोकांना वाटलं, खेळ संपला.

संपला नाही. तो खाली सरकला. चाक ज्या हातावर बसतं त्या कंट्रोल आर्मला रबरी बुश असतात, खड्ड्याचे धक्के खायला मुद्दाम मऊ ठेवलेले. जोरदार गाडीत इंजिन आणि ब्रेक त्या रबरावर कितीतरी जास्त ताण देतात. रुंद टायर रस्त्यावरच्या चाकोरीमागे ओढले जातात. गाडी खाली बसवली की दांड्यांचे कोन बिघडतात आणि नुसत्या उंचवट्यानेही चाक थोडं वळतं. त्यात पॉवर स्टेअरिंग विजेवर चालणारं असेल, तर खालची बारीक थरथर हातापर्यंत पोचतच नाही.

आणि वेगाचा हिशेब वेगळाच असतो. समजा स्टेअरिंगच्या कडेवर एक इंच खेळ आहे. रस्त्यावरच्या चाकाला तो साधारण अर्धा अंश पडतो. नुसत्या भूमितीने पाहिलं, तर तेवढ्या कोनाने गाडी ४० च्या वेगात एका सेकंदात बाजूला सरकते वीतभर. १२० च्या वेगात सरकते जवळपास दोन मीटर. प्रत्यक्षात टायर त्यातलं थोडं खातात, पण वेग तिप्पट की सरकणं नऊपट, हे प्रमाण लक्षात ठेवा. मेहकर-सिंदखेडराजाच्या जुन्या रस्त्यावर जीपचा जो खेळ चेष्टेचा विषय होता, तो समृद्धीवर जिवावर बेततो.

मग दोष शोधायचा कसा? इथे माझं शास्त्र कामाला येतं. नैयायिक सांगतात, जिथे धूर तिथे अग्नी हे खरं, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरं नाही, कारण धुराला ओलं सरपण लागतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. 'स्टेअरिंग ढिलं म्हणजे स्टेअरिंग खराब' हे अनुमान असंच फसवं आहे. ढिलेपण हे लक्षण आहे. कारण दहा ठिकाणी असू शकतं.

त्यावर उपाय अन्वय-व्यतिरेकाचा. अमुक असताना दोष दिसतो का, आणि ते काढून घेतलं की जातो का? गाडी जमिनीवर, इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने वरून खाली एकेक सांध्यावर हात ठेवत जायचं. ज्या सांध्यात हालचाल शिरते पण बाहेर पडत नाही, तिथे झीज. मग जॅक लावायचा, इंजिन बंद करून. चाक घड्याळाच्या नऊ आणि तीनवर धरून हललं, तर संशय टाय रॉडवर. बारा आणि सहावर हललं, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. आता दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. हा व्यतिरेक झाला, आणि त्याला एक रुपया लागत नाही. टायरची हवा तर या सगळ्याच्या आधी बघायची.

पुतण्याची गाडी मी आमच्या गावातल्या मिस्त्रींकडे नेली. जन्मभर जीपा दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. पुतण्याला शेजारी बसवून चक्कर मारली आणि विचारलं, "ॲक्सिलेटर दाबला की कोण्या बाजूले जाते? सोडला की कोण्या बाजूले?" दाबला की डावीकडे, सोडला की उजवीकडे. स्टेअरिंगला हात न लावता दिशा बदलते, म्हणजे कारण स्टेअरिंगच्या बाहेर आहे. गाडी वर उचलली, पहार टेकवून खालचा हात रेटला. मागचा बुश फाटून लोंबत होता.

"सर, स्टेरिंगले काहीच झालं नोतं. त्याले उगाच बदनाम केलं."

बुशची किंमत रॅकच्या मानाने चिल्लर होती. ते बदलून पुन्हा एकदा अलाइनमेंट केलं आणि तरंगणं थांबलं. पण मला झोप आली नाही. तो पोरगा तो फाटका बुश घेऊन पुण्याहून इथवर आला होता.

मिस्त्रींनी न्यायसूत्रं वाचलेली नाहीत. मी ती तीस-पस्तीस वर्षं शिकवली, आणि माझ्या जुन्या गाडीचं स्टेअरिंग ढिलं झालं तेव्हा मी काय केलं? बॉक्सवरचा पेच आवळून घेतला. चार दिवस बरं वाटलं, मग वळणावरून चाक परत सरळ येईना. हाताला जिथे दोष जाणवतो तिथेच तो असणार, ही माणसाची फार जुनी सवय आहे. दोनशे वर्षांत हात आणि चाक यांच्यामध्ये आपण एकेक सांधा घातला. त्यातला कुठला झिजला, हे हात एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी कुणाला तरी वाकून गाडीखाली बघावं लागतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि घरी जाताना टायरची हवा बघून घ्या.