विरंगुळ्याचे यंत्र

श्रम आणि विश्रांती यांचे नाते मानवी संस्कृतीइतकेच जुने आहे. परंतु इतिहासाने श्रमाची जेवढी नोंद ठेवली, तेवढी विश्रांतीची ठेवलेली नाही. राजांची युद्धे, व्यापाऱ्यांची गलबते, कारखान्यांची धुरांडी यांविषयी विपुल लिहिले गेले. दिवसभर राबलेला मनुष्य दिवेलागणीनंतर मन कशात रमवीत असे, या प्रश्नाकडे मात्र क्वचितच कोणी वळले. सारीपाटाच्या सोंगट्यांनी आणि सावंतवाडीच्या गंजिफांनी त्याचे थोडेसे उत्तर आपल्याकडे जपून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच प्रश्नाला एक नवे उत्तर मिळाले व ते व्हिडिओ गेम या नावाने जगभर पसरले. या खेळांचा जन्म अमेरिकेतील प्रयोगशाळांत व विद्यापीठांत झाला, हे खरे; पण ते थकलेल्या प्रवाशाच्या खिशात जाऊन बसले, याचे मोठे श्रेय जपानमधील एका अभियंत्याकडे जाते. गुन्पेई योकोई हे त्यांचे नाव.

योकोई यांची हकीकत सांगण्यापूर्वी त्यांच्या कंपनीचे कूळ पाहिले पाहिजे. पोर्तुगीज दर्यावर्दी १५४३ साली जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यांच्या गोव्याशी बांधलेल्या व्यापारमार्गाने जपानात ज्या वस्तू गेल्या, त्यांत पत्तेही होते. पत्त्यांना जपानी भाषेत ‘करुता’ म्हणतात, तो शब्द मूळचा पोर्तुगीजच आहे. पत्त्यांबरोबर जुगार आला आणि जुगारापाठोपाठ सरकारी बंदीही आली. एका प्रकारच्या पत्त्यांवर बंदी पडली की निराळ्या चित्रांचे पत्ते निघत. अशा लपंडावातून हानाफुदा, म्हणजे फुलांचे पत्ते, रूढ झाले. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचे फूल वा झाड आणि त्याचे चार पत्ते, असा हा ४८ पानांचा जोड असे. १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी हे पत्ते बनविणारे एक दुकान काढले. निन्टेन्डो ही जगप्रसिद्ध कंपनी ती हीच.

१९६५ साली क्योतोच्याच दोशिशा विद्यापीठातून विद्युत् अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले योकोई या कंपनीत रुजू झाले. काम होते पत्ते बनविणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्याचे. यंत्रे सुरळीत चालत आणि अभियंत्याला रिकामा वेळ मिळे. त्या वेळात त्यांनी गंमत म्हणून पट्ट्यांची एक जाळी केली. तिची मूठ दाबताच टोकाचा चिमटा लांब जाऊन दूरची वस्तू पकडी. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस ती पडली. कामाच्या वेळी खेळणे केल्याबद्दल कानउघाडणी करण्याऐवजी त्यांनी ते बाजारात आणण्याची आज्ञा केली. १९६६ साली निघालेल्या या खेळण्याचा खप दहा लाखांच्या वर गेला. यंत्रे राखणारा मनुष्य खेळणी रचू लागला.

पुढची गोष्ट घडली ती आगगाडीत. तोक्यो ते ओसाका ही शिन्कान्सेन गाडी १९६४ साली सुरू झाली होती आणि जपानचा नोकरदार वर्ग तिच्यातून नित्य ये-जा करीत होता. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस योकोई यांना त्या गाडीत एक प्रवासी दिसला. कंटाळलेला तो गृहस्थ खिशातल्या गणनयंत्राची बटणे उगाच दाबीत बसला होता. बेरीज नको, वजाबाकी नको. बोटांना चाळा हवा आणि मनाला घटकाभर सुटका हवी, एवढीच त्याची गरज होती. प्रौढ माणसालाही खेळावेसे वाटते, पण चार लोकांत खेळताना तो संकोचतो, हे योकोई यांनी त्या दृश्यातून ताडले. मांडीवर हात ठेवून, कोणाच्या सहज लक्षात येणार नाही अशा रीतीने, दोन अंगठ्यांनी खेळता येईल असे यंत्र करावे, ही कल्पना त्यांना सुचली.

काळही अनुकूल होता. जपानी कंपन्यांच्या चढाओढीत गणनयंत्रांच्या किमती कोसळल्या होत्या आणि त्यांत लागणारे द्रवस्फटिकांचे पडदे स्वस्त झाले होते. शार्प कंपनीने ते पुरविले आणि १९८० साली ‘गेम अँड वॉच’ ही मालिका सुरू झाली. या यंत्रात खेळाबरोबर घड्याळही असे. विरंगुळा आणि वेळेचे भान एकाच तळहातावर नांदावे, ही योजना अर्थपूर्ण वाटते. १९९१ पर्यंत चाललेल्या या मालिकेची सुमारे ४ कोटी ३४ लाख यंत्रे विकली गेली.

योकोई यांच्या कामामागे एक विचार होता. नव्यात नवे आणि महागात महाग तंत्र वापरण्यात त्यांना स्वारस्य नव्हते. जे तंत्र लोणच्यासारखे मुरले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांस ठाऊक आहेत आणि जे स्वस्त झाले आहे, ते उचलावे व कोणी न योजलेल्या कामी लावावे, असे ते म्हणत. १९८९ साली त्यांच्या विभागाने ‘गेम बॉय’ हे यंत्र काढले, तेव्हा या विचाराची कसोटी लागली. त्याचा पडदा हिरवट, एकरंगी आणि काहीसा मंद होता. अटारी व सेगा या प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रे रंगीत होती; परंतु सेगाच्या यंत्रातील सहा बॅटऱ्या काही तासांतच संपत, तर गेम बॉय चार बॅटऱ्यांवर दहा तासांहून अधिक चाले. तो स्वस्त होता, दणकट होता आणि दीर्घ प्रवासात साथ सोडीत नव्हता. त्याच्या पुढील रंगीत आवृत्तीसह त्याची विक्री सुमारे ११ कोटी ८७ लाखांवर गेली.

या यशात मॉस्कोचाही वाटा आहे. तेथील विज्ञान अकादमीच्या संगणककेंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह नावाचे संशोधक काम करीत. १९८४ साली त्यांनी ‘टेट्रिस’ हा खेळ रचला. त्यांच्या संगणकाला चित्रे काढता येत नसत, म्हणून खेळातील तुकडे कंसांच्या चिन्हांनी दाखवावे लागले. वरून पडणारे चार चौकटींचे तुकडे फिरवून सलग ओळ जुळवावयाची आणि ओळ जुळली की ती नाहीशी व्हावयाची, एवढाच तो खेळ. १९८९ साली हेन्क रॉजर्स यांनी मॉस्कोस जाऊन गेम बॉयसाठी त्याचे हक्क मिळविले आणि अमेरिकेत तो यंत्राबरोबरच दिला जाऊ लागला. सोव्हिएत राष्ट्रातील एका कचेरीत जन्मलेला खेळ भांडवलशाही जगातील दमलेल्या माणसाचा सोबती झाला.

अशा साध्या खेळाने मन हलके का होते, याचा शोध पुढे शास्त्रज्ञांनीही घेतला. २००९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही व्यक्तींना क्लेशकारक चित्रफीत दाखविली व नंतर त्यांतील काहींना टेट्रिस खेळावयास दिले. जे खेळले, त्यांना ती दृश्ये पुढील आठवड्यात तुलनेने कमी वेळा आठवली. डोळे आकृती जुळविण्यात गुंतले की नको त्या चित्रांना मनात जागा कमी उरते, असा याचा अर्थ लावला गेला. सारे विसरण्यासाठी कशात तरी गुंतावे, हा शहाणपणा सोंगट्या खेळणाऱ्यांनाही अवगत असावा.

तथापि या इतिहासाला दुसरी बाजू आहे. योकोई यांच्या यंत्राला अंत होता: स्थानक येई, बॅटरी संपे, यंत्र खिशात जाई. आजच्या मोबाईलवरील अनेक खेळांना अंत ठेवलेला नाही. खेळणारा उठू नये, अशीच त्यांची बांधणी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या अनावर सवयीचा विकार म्हणून समावेश झाला. भारताच्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. निखळ करमणुकीच्या खेळांना मात्र त्यात उत्तेजन आहे. हानाफुदांच्या काळचा खेळ आणि जुगार यांचा जुना वाद असा नव्या वेषात पुन्हा उभा राहिला.

खेळ टाकून देणे हे या वादाचे उत्तर नव्हे. मुंबईच्या लोकल गाडीत गुडघ्यांवर बॅग ठेवून पत्त्यांचा डाव मांडणारी मंडळी सर्वांच्या परिचयाची आहेत. पचिशीपासून इंग्लंडात ल्यूडो झाला आणि तोच ल्यूडो २०१६ साली नवी मुंबईतील एका कंपनीने मोबाईलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत दूरदूर अडकलेली कुटुंबे त्यावर एकत्र येऊन खेळली. ज्या घरांत भेटीगाठी बंद होत्या, तेथे सोंगट्यांनी माणसे जोडली.

योकोई यांनी १९९६ साली निन्टेन्डो सोडली व पुढच्याच वर्षी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांनी आखलेले अखेरचे यंत्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९९९ साली बाजारात आले. ते एकाच बॅटरीवर चाले. थकलेल्या माणसाकडून थोडे घ्यावे व त्याला पुष्कळ द्यावे, हा त्यांचा बाणा त्यातही दिसतो. विरंगुळा मनुष्याला ताजातवाना करून पुन्हा त्याच्या घराकडे, त्याच्या माणसांकडे परत पाठवितो. जो परत पाठवीत नाही, तो विरंगुळा नसून दुसरी चाकरीच होय. ही ओळख ठेवण्याची जबाबदारी यंत्र रचणाऱ्यावर आहे, तशीच ते हाती घेणाऱ्यावरही आहे.