चित्रकाराचा धनी

संपाच्या सभेत भिरकावलेला एक दगड दुसऱ्या दिवशी चित्रासह छापून येतो. तीन महिन्यांचा थकलेला पगार मात्र छापून येत नाही. म्हणून चित्र घेणाऱ्याचा धनी कोण, हे विचारण्याची आम्हा कामगार चळवळीतल्यांना सवयच जडली आहे.

अमेरिकेतील माहितीपटकार चार्ल्स गुगेनहाइम (१९२४–२००२) यांचे आयुष्य या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहे. आरंभी त्यांनी सेंट लुईस येथे बिनव्यापारी दूरचित्रवाणी केंद्राचे काम केले. १९५६ साली अध्यक्षपदाचे उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन यांच्यासाठी प्रचारपट केले. स्टीव्हन्सन पडले; कारागिराचे नाव मात्र झाले.

१९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या विद्यार्थ्यांना गव्हर्नराने राज्याची फौज उभी करून अडविले, तेव्हा आयसेनहॉवर यांना छत्रीधारी पलटण धाडावी लागली. त्या मुलांचे पुढे काय झाले, यावर गुगेनहाइम यांनी १९६४ साली ‘नाइन फ्रॉम लिटल रॉक’ हा पट केला. त्याला ऑस्कर मिळाले. पैसा कोणाचा? सरकारच्या माहिती खात्याचा. परदेशांत अमेरिकेची अब्रू सावरायची होती. तरीही निवेदन आहे ते त्या नवांपैकीच एका जेफर्सन थॉमसच्या मुखी. धन्याचा हेतू एक आणि पटाचे बोलणे दुसरे, असेही घडते. आमच्या पोथीनिष्ठ मित्रांना हे सहजी रुचणार नाही!

निवडणुकांच्या पटांत त्यांची तऱ्हा साधी होती. उमेदवाराला व्यासपीठावरून उतरवून माणसांत नेऊन उभे करायचे, आणि बोलण्यापेक्षा ऐकताना टिपायचे. १९७२ साली मॅकगव्हर्न कामगारांशी बोलताना दिसले ते असेच. निक्सन यांनी तरी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. त्याआधी, जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांचा खून झाल्यावर, ऑगस्टमधील शिकागो अधिवेशनासाठी त्यांनी दोन-अडीच महिन्यांत स्मृतिपट पुरा केला. त्यालाही ऑस्कर लाभले.

पुढे प्रचार तीस सेकंदांच्या चिखलफेकीवर आला, तेव्हा १९८० नंतर थोड्याच वर्षांत त्यांनी हा धंदा सोडला. चालता धंदा सोडणे सोपे नसते, हे दुकानदार श्रोत्यांना आम्ही सांगायला नको. १९९४ चा ‘अ टाइम फॉर जस्टिस’ हा नागरी हक्कांच्या लढ्याचा पट मॉन्टगमेरीच्या एका हक्करक्षक संस्थेसाठी केलेला. तो शाळांना फुकट वाटला गेला.

अखेरचा पट मात्र कोणाच्याही प्रचाराचा नव्हता. युद्धात त्यांची १०६ वी डिव्हिजन युरोपात गेली, तेव्हा पायाला झालेल्या संसर्गामुळे ते मागे राहिले. डिसेंबर १९४४ मध्ये ती डिव्हिजन जर्मनांच्या तडाख्यात सापडली. कैद झालेल्या अमेरिकन सैनिकांपैकी ३५० जणांना बेर्गा येथे बोगदे खणण्यास जुंपले, आणि कित्येक तेथेच मेले. वाचलेल्यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी हा पट रचला, आणि तो पुरा झाल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २००२ मध्ये, ते वारले.