टिळकांच्या घरातली श्रद्धा

आपल्या खानदेशात, विशेषतः नवापूरकडच्या आदिवासी गावांत, कितीतरी कुटुंबं काही पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. बचत गटाच्या बैठकीत अशाच एका बहिणीने विचारलं, "पोरं शिकायला बाहेर गेली, घरातली प्रार्थना पुढे कोण चालवणार?" हा प्रश्न माळकऱ्याच्या घरातही आहेच. आज मी तुम्हाला एका घराचा इतिहास सांगते. त्या घरात आईची श्रद्धा वेगळी, वडिलांची वेगळी, आणि मधे एक लहान मुलगा.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनू गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, विद्वान, पण एका जागी टिकणारा माणूस नव्हे. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. बायकोची संमती नव्हती. पदरी दत्तू, म्हणजे देवदत्त. माहेरच्या-सासरच्या लोकांनी तिला सांभाळलं, पण नवरा जिवंत असून तुटला, हे दुःख रोजचं.

टिळकांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे, पण हा एवढा मोठा निर्णय त्यांनी एकट्याने घेतला, हे मला पटत नाही. पुढे मात्र त्यांनी बायकोवर धर्माची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हाही त्यांचं स्वतःचं सोवळं, स्वतःची चूल वेगळीच होती. मुलगा आईचंही बघत होता, वडिलांचंही.

त्यांचं मन बदललं ते त्यांच्याच विचाराने. आधी जात सुटली. देवाने माणूस केला, जाती माणसांनी केल्या, मग हिच्या हातचं चालतं आणि तिच्या हातचं नाही, हे कशाला? हा हिशोब त्यांनी स्वतःच मांडला आणि कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं. सोवळ्यात वाढलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल, ते आपल्याकडे ज्यांनी पाण्याच्या हंड्यावरून भांडणं पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

याच काळातल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण आठवतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. तिथल्या जोगिणींनी मुलीला काय शिकवायचं यावरून रमाबाईंचे खटके उडाले. माझ्या मुलीला काय शिकवायचं ते मी ठरवणार, हा त्यांचा हट्ट. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बाईला वाचून समजावं म्हणून. मनोरमा आईच्या आधी, १९२१ मध्ये गेली. वारसा जिच्या हाती द्यायचा तीच गेली. पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या, आणि ते पूर्ण बायबल त्यांच्या माघारी छापून निघालं.

पुन्हा टिळकांकडे येते. त्यांच्या घरात नवा धर्म आला तो जुन्याच चालीवर. अभंग, भजन, कीर्तन. टिळकांनी ख्रिस्तावर मराठी भजनं रचली, ती आजही चर्चमध्ये 'उपासना संगीत'मधून म्हणतात. लेकराला कानावर पडलेली चाल कळते, उपदेश नंतर कळतो. मला वाटतं, घरातलं गाणं चालू राहिलं म्हणून श्रद्धाही टिकली.

त्या घराचं दार सर्वांना उघडं होतं. आपल्या धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, त्याच घरात राहिले. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या पोराची कविता ऐकून टिळक हरखले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं वागवलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यासाठी कोणी त्यांना घरातून काढलं नाही. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली सापडून ते गेले. त्यानंतर वर्षभराने, मे १९१९ मध्ये, टिळकही गेले.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य सुरू केलं होतं. सुरुवातीचे अध्याय त्यांचे. पुढचं बहुतेक सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. शाळेत न गेलेल्या बाईने! शेवटचा अध्याय देवदत्तांचा.

देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. म्हणून त्यांनी आईला सांगितलं, तुला आठवतं ते लिहून दे. त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत निघालं, आणि १९३६ मध्येच लक्ष्मीबाई गेल्या. नातू अशोक टिळकांनी पुढे त्याच पुस्तकाची टिपांसह आवृत्ती काढली. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई आठवा. त्यांच्या जात्यावरच्या ओव्याही मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने लिहून घेतल्या म्हणूनच १९५२ साली पुस्तक झालं. दोन्हीकडे आईने मुलाला बसवून काही पाठ करून घेतलं नाही. मुलाने विचारलं आणि आईजवळ सांगायला होतं.

'स्मृतिचित्रे' तालुक्याच्या वाचनालयात मागून बघा. गटात एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. पहिला भाग वाचताना हसू आवरणार नाही, बाप्तिस्म्याच्या प्रकरणात मात्र रडू येईल.