रायफलीची दुर्बीण

रायफलीची दुर्बीण : दूरच्या लक्ष्याचा अचूक वेध घेण्यासाठी रायफलीवर बसविलेले प्रकाशीय उपकरण. साध्या नेमव्यवस्थेत मागील खाच, पुढील माशी व लक्ष्य या तिन्हींवर डोळ्याला एकाच वेळी दृष्टी स्थिर करता येत नाही. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा व छेदरेषा एकाच प्रतलात आणता येत असल्याने ही अडचण दूर होते. मात्र दुर्बीण लक्ष्य मोठे दाखविते. नळीची अचूकता वाढवीत नाही.

इतिहास : दुर्बिणीचा उपयोग होण्यापूर्वी बंदूक सुधारावी लागली. हसनाबादप्रमाणेच आजच्या जालना जिल्ह्यात असलेल्या असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांचे सैन्य व आर्थर वेलस्ली याची फौज यांत लढाई झाली. सेनापती हातातील दुर्बिणीतून रणभूमी न्याहाळीत. पण पायदळाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीने सुमारे १०० मी. पलीकडील एकट्या माणसाला टिपणे भरवशाचे नव्हते. दूरवरचा संहार मराठ्यांच्या तोफांनी केला व निकाल अखेर जवळच्या संगिनींनी लागला. अशा बंदुकीवर दुर्बीण व्यर्थच ठरली असती.

नळीच्या आतील पेचदार खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते व तिचा मार्ग स्थिर राहतो. हे तत्त्व जुने असले, तरी भरण्यास सुलभ अशी मिनिए गोळी १८४९ च्या सुमारास आल्यावर लष्करात रायफलीचा प्रसार झाला. अमेरिकेत चॅपमन व जेम्स यांनी १८४० च्या दशकात लांब नळीच्या दुर्बिणी प्रचारात आणल्या. मुंबई लष्करातील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन याने तयार केलेली, रायफलीच्या बाजूस बसविण्याची दुर्बीण अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील निवडक नेमबाजांनी व्हिटवर्थ रायफलीवर वापरली.

निवड : प्रथम रायफलीची स्वतःची अचूकता व अंतर पाहावे. अचूकता कलेत (अंशाचा साठावा भाग) मोजतात. एक कला म्हणजे १०० मी. वर सुमारे २·९ सेंमी. व ५०० मी. वर सुमारे १४·५ सेंमी. ज्या रायफलीच्या गोळ्या तीन कलांत विखुरतात, तिला महागड्या दुर्बिणीचा लाभ थोडाच. विवर्धन वाढले की दृष्टिक्षेत्र आकुंचते आणि हाताचा कंप व तापलेल्या जमिनीवरील हवेची थरथरही वाढलेली दिसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी ही अडचण विशेष जाणवते. वस्तुभिंगाचा व्यास भागिले विवर्धन एवढ्या रुंदीची प्रकाशशलाका डोळ्यात येते; ४० मिमी. व दहापट विवर्धन असता ती ४ मिमी. असते. मंद प्रकाशात ती रुंद असणे हितावह. लांब अंतरासाठी पराशय दूर करण्याची सोय, प्रत्येक टप्प्यास सारखेच सरकणारे समायोजन व घट्ट बैठक ही विवर्धनाहून महत्त्वाची ठरतात. गोळीची घसरण व वाऱ्याचा परिणाम यांचा अंदाज नेमबाजासच करावा लागतो.

क्रीडाक्षेत्र : ऑलिंपिकमधील रायफल स्पर्धांत दुर्बिणीस मज्जाव असून छिद्रयुक्त नेमव्यवस्था वापरतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रोन प्रकारात मिळविलेले विश्वविजेतेपद व कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. तीन स्थिती प्रकारात मिळविलेले कांस्यपदक ही अशाच नेमव्यवस्थेने साधली. भिंगापेक्षा नळी, काडतूस व नेमबाजाची स्थिरता हीच अचूकतेची मूळ अंगे होत, हे त्यावरून स्पष्ट होते.