पोर्ट लुई
हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाची राजधानी व मुख्य बंदर. बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, साधारण २०° १०' दक्षिण व ५७° ३०' पूर्व येथे. पाठीशी मोका डोंगररांग, समोर प्रवाळखडकांतून आत येणारी अरुंद वाट. ही नोंद फ्रेंच व ब्रिटिश वसाहतकाळातील बंदर, त्याची देखभाल व त्यावर चाललेला महसूल यांपुरती आहे.

डच १५९८ मध्ये बेटावर उतरले ते आग्नेयेकडील ग्रां पोर येथे. तिथे वर्षातील बहुतेक काळ आग्नेय वारे थेट आत घुसतात. जहाज सहज शिरते, पण बाहेर पडताना अडकते. पोर्ट लुईचे बरोबर उलटे. डोंगरामुळे गोदी आडोशाला, आणि हेच वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्याने शीड उभारून बाहेर पडणे सोपे, आत येणे मात्र कष्टाचे. म्हणून वाटेत ठिकठिकाणी बोये नांगरून ठेवलेले असत. होडीतून दोर नेऊन पुढच्या बोयाला बांधायचा, जहाजावर खलाशांनी रहाट फिरवून जहाज तिथवर ओढायचे, मग दोर सोडून त्याच्या पुढचा बोया गाठायचा. वाफेच्या टगबोटी येईपर्यंत असेच चाले. त्या काळच्या जहाजांच्या दृष्टीने ही अडचण परवडणारी होती: चक्रीवादळांच्या समुद्रात मोडकळीला आलेल्या जहाजाला आडोसा अधिक मोलाचा.

फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेट ताब्यात घेतले. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बुर्दोने यांनी कारभार येथे एकवटून गोदी, रुग्णालय व पाण्याचा पाट उभारला. पुढे १७४६ मध्ये मद्रासवर चाललेले त्यांचे आरमार येथूनच निघाले. बंदराचा खरा शत्रू मात्र घरातलाच होता. जहाजांसाठी, घरांसाठी, शेतीसाठी डोंगरउतारांवरील झाडी तुटत गेली आणि प्रत्येक मोठ्या पावसात ओहोळांनी आणलेली माती गोदीत साचू लागली. १७७० च्या दशकात ट्रोमेलँ या नौदल अधिकाऱ्याकडे गाळ उपसण्याचे व ओहोळ वळवण्याचे काम देण्यात आले. त्याच्या नावाचा बांध-रस्ता अजून ओळखला जातो. हे काम एकदा करून मिटणारे नव्हते; राज्य कुणाचेही असो, गाळ उपसण्याचा खर्च पुन्हा पुन्हा पुढे येई.

नेपोलियनकालीन युद्धांत स्युर्कूफसारखे खासगी लुटारू-कप्तान येथून निघून ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे पकडत. त्या त्रासाला कंटाळून ब्रिटिशांनी मुंबई, मद्रास, बंगाल व केप येथून सैन्य जमवले आणि डिसेंबर १८१० मध्ये बेट घेतले. १८१४ च्या पॅरिस तहाने ते कायम त्यांच्याकडे राहिले.

त्यानंतर बेटाचे भवितव्य लंडनच्या जकातदरांनी ठरवले. १८२५ पर्यंत मॉरिशसच्या साखरेवर वेस्ट इंडीजच्या साखरेपेक्षा जादा जकात होती. ती समान होताच बाकीची पिके मागे पडून ऊस पसरला. वसाहतीची तिजोरी मुख्यतः आयातजकात, साखरेवरील निर्यातकर व रमवरील अबकारी यांवर उभी राहिली. म्हणजे उसाचे पीक बुडाले की तिजोरीलाही ओढ लागे. अशा एकपिकी महसुलावर बंदर चालवणे धोक्याचे होते, पण मळेवाल्यांच्या वजनापुढे दुसरा विचार फारसा झाला नाही.

ऊस आला तसे मजूरही आले. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर या बंदरात उतरले. त्यांची नोंदणी त्रू फांफारों खाडीकाठच्या आगारात होई. १८४९ पासूनचे तेथील अवशेष ‘आप्रवासी घाट’ म्हणून जपले असून २००६ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कलकत्ता व मद्रासच्या मानाने मुंबईहून गेलेले थोडे, पण कोकणातील व घाटावरील कुटुंबांमुळेच मॉरिशसचा मराठी समाज उभा राहिला. पटकीची भीती इतकी, की १८५६ मध्ये हिंदुस्थानातून आलेल्या दोन जहाजांतील मजुरांना गाब्रिएल या उघड्या बेटावर विलग ठेवले गेले आणि अनेक जण तेथेच मेले. वसाहतीच्या कारभारावरील हा डाग आहे.

१८६४ मध्ये रेल्वे सुरू झाल्यावर साखर थेट बंदरातील गोदामांत येऊ लागली. लगेच दोन तडाखे बसले: १८६६-६८ ची हिवतापाची साथ आणि १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा. यूरोप-हिंदुस्थान वाहतूक लाल समुद्राकडे वळली आणि वाटेत थांबणारी, दुरुस्तीला येणारी जहाजे घटली. ज्या सुक्या गोद्यांवर शहराचे कारागीर जगत, त्यांचे काम आटले. एप्रिल १८९२ च्या चक्रीवादळाने सुमारे १,२०० बळी घेतले. तरीही बंदर तगले, कारण साखरेला हिंदुस्थानची बाजारपेठ मिळाली होती. मुंबईत ती ‘मोरस’ साखर म्हणून खपे. १८९९ मध्ये हिंदुस्थान सरकारने यूरोपातील अनुदानित बीट साखरेवर जादा जकात बसवली, तीही मॉरिशसच्या पथ्यावर पडली. वसाहतीचे हिशेब १८७० च्या दशकाअखेरपासून रुपयांतच होते.

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. पोत्यांतली साखर पडावांतून खोल पाण्यातल्या जहाजांवर नेण्याची पद्धत त्यानंतरही चालू राहिली. १९८० मध्ये सुट्या साखरेचे टर्मिनल सुरू झाल्यावर ती बंद पडली.